जुनी चेनसॉ मशीन आपोआप रेस धरतेय? आधी स्क्रू फिरवू नका, कारण शोधा

कुरुंदा (ता. वसमत) : हळदीची काढणी सुरू झाली की वसमत तालुक्यात गावोगावी लाकूड कापायच्या मशीनचा आवाज सुरू होतो. हळद शिजवायच्या कुकरला जळण लागतं, त्यासाठी बाभूळ, सुबाभूळ तोडली जाते. पुढे मे-जूनच्या वादळात रस्त्यावर, गोठ्यावर झाड आडवं झालं की पुन्हा तीच मशीन बाहेर निघते. मधले सहा-आठ महिने ती कोपऱ्यात पडून असते, कधी कधी टाकीत जुनं पेट्रोल तसंच ठेवून.

अशा जुन्या मशीनची एक तक्रार हमखास असते. ॲक्सिलेटर सोडला तरी इंजिन खाली येत नाही, रेस वाढतच जाते, चेन फिरत राहते. बरेच जण पेचकस घेतात आणि दिसेल तो स्क्रू पिळतात. आवाज तेवढ्यापुरता बसतो, पण मूळ बिघाड तसाच राहतो. मग ऐन हंगामात पिस्टन पकडतो आणि पिस्टन-सिलिंडरचा खर्च अंगावर येतो. त्यापेक्षा मोठा धोका म्हणजे हात सोडल्यावरही फिरणारी चेन. ती मांडीला लागली तर शिवायला दवाखानाही जवळ नसतो.

जास्त रेस म्हणजे नेमकं काय होतं?

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक असतं. त्यात मोटारसायकलसारखं वेगळं इंजिन ऑइल नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल हेच पिस्टनला आणि बेअरिंगला मिळणारं वंगण. आत जाणाऱ्या मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की इंजिन हलकं होऊन जोरात पळतं. ऐकणाऱ्याला वाटतं, मशीनला ताकद आली. खरं तर पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि पेट्रोलमुळे मिळणारा गारवाही कमी. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला घासतो.

या मशीनचा मोकळा वेग साधारण 2,500 ते 3,000 फेरे मिनिटाला असतो. साधारण 3,500 ते 4,000 च्या दरम्यान क्लच पकडतो आणि चेन फिरू लागते. पूर्ण रेसला बहुतेक मशीन 10 ते 13 हजारांपर्यंत जातात. नेमका आकडा मशीनच्या पुस्तिकेत असतो. त्याच्या वर मशीन पळत असेल तर ती काही मिनिटांत खराब होऊ शकते.

रेस सुटली तर आधी बंद कशी करायची?

पहिले बंद करायचं बटण दाबा. बटणाने बंद झाली नाही तर चोक पूर्ण ओढा. चोक लावला की हवा अडते, जास्त पेट्रोल आत जातं आणि इंजिन गुदमरून बंद पडतं. चालू मशीनची प्लगची टोपी हाताने ओढू नका, झटका बसतो. बंद झाल्यावर कारण सापडेपर्यंत दोरी पुन्हा ओढू नका.

रेस कधी वाढते, ते आधी ओळखा

एकाच तक्रारीमागे वेगवेगळी कारणं असतात. ती वेळेवरून ओळखता येतात.

• चालू करताच रेस जास्त : थ्रॉटल अडकला आहे, मोकळ्या वेगाचा स्क्रू जास्त पिळलेला आहे किंवा कुठून तरी हवा आत जाते आहे.

• दहा-पंधरा मिनिटं बरी चालते, मग वाढते : टाकीला हवा मिळत नाही, पेट्रोलचा फिल्टर तुंबला आहे किंवा तापल्यावर एखादी भेग उघडते आहे.

• रेस देऊन सोडल्यावर हळूहळू खाली येते : हवेची गळती किंवा पेट्रोल कमी पडणं.

• इंजिनचा आवाज शांत, पण चेन फिरते : रेसचा दोष नाही, क्लचचा आहे.

• टाकी संपत आल्यावर रेस वाढते : हे स्वाभाविक आहे. पेट्रोल संपताना हवा वाढते. लगेच बंद करून टाकी भरा.

बाहेरून बघायच्या सोप्या गोष्टी

मशीन बंद आणि गार असताना प्लगची टोपी काढून ठेवा, मग तपासा.

थ्रॉटल : ट्रिगर दाबून सोडा. तो झटकन मागे यायला हवा. भुसा आणि ऑइल मिळून चिकट थर होतो, त्यात तार किंवा सळई अडकते. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडातली पाकळी पूर्ण बंद होते का ते बघा. बऱ्याच मशीनमध्ये चोक लावून सुरू करताना थ्रॉटल अर्धा उघडा अडकवलेला असतो. सुरू झाल्यावर ट्रिगर एकदा दाबून सोडला की तो सुटतो. हे विसरलं तरी मशीन रेसवरच राहते. चेनचा ब्रेक लावलेला असताना अशी रेस राहिली तर क्लच जळतो.

एअर फिल्टर : फिल्टर तुंबला की हवा कमी होते आणि रेस पडते. मग कुणी तरी स्क्रू फिरवून रेस वाढवतो. पुढे फिल्टर धुतला की हवा मोकळी होते आणि तीच मशीन भरमसाट पळू लागते. म्हणून आधी फिल्टर साफ, मग सेटिंग. सायलेन्सरची जाळी काढून टाकल्यानेही सेटिंग बिघडतं.

टाकीचं झाकण : रेस वाढू लागली की मशीन बंद करा, थोडी गार होऊ द्या आणि झाकण सैल करा. 'फुस्स' आवाज करत हवा आत गेली आणि नंतर मशीन नीट चालली, तर टाकीचा हवेचा मार्ग तुंबला आहे.

नळी आणि फिल्टर : टाकीतला फिल्टर वाकड्या तारेने बाहेर ओढा. काळा-कडक झाला असेल तर बदला. नळी बोटाने वाकवा. तडा दिसला तर पेट्रोलसोबत हवा शोषली जाते.

पेट्रोल आणि ऑइलचं गणित

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसापासूनही ते तयार होतं, ही गोष्ट इथल्या शेतकऱ्यांना नवी नाही. पण इथेनॉलमध्ये मुळात प्राणवायू असतो. त्यामुळे त्याच छिद्रातून गेलेलं मिश्रण थोडं कोरडं पडतं. शिवाय ते ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला कडक करतं. जुन्या मशीनच्या पुस्तिकेत बहुतेक वेळा 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं असं लिहिलेलं असतं. म्हणून अशी मशीन पूर्वी बरी चालत असली तरी आता थोडी जास्त रेस धरू शकते. उपाय म्हणजे ताजं पेट्रोल घ्या, महिन्यापेक्षा जास्त साठवू नका, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा.

ऑइलचं प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. 1:50 म्हणजे एक लिटर पेट्रोलला 20 मिली, 1:40 म्हणजे 25 मिली आणि 1:25 म्हणजे 40 मिली टू-स्ट्रोक ऑइल. 'जास्त ऑइल टाकलं की मशीन थंड राहते' ही समजूत चुकीची आहे. ऑइल प्रमाणाबाहेर वाढलं की त्याच मापात पेट्रोल कमी जातं, प्लग काळा होतो आणि धूर वाढतो. ट्रॅक्टरचं किंवा मोटारसायकलचं इंजिन ऑइल यात चालत नाही.

खरा चोर : हवेची गळती

वरचं सगळं ठीक असूनही रेस वाढत असेल तर जुन्या मशीनमध्ये पहिला संशय गळतीवर घ्यावा. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधला रबरी पाइप तापून फाटतो. त्याची क्लिप सैल होते. सिलिंडरखालची पॅकिंग उडते. क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील कडक होतात. या प्रत्येक जागेतून कार्बोरेटरला न मोजता हवा आत जाते.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. मशीन गरम करून मोकळ्या वेगावर चालू ठेवा, चेन कशालाही लागू नये अशी धरा आणि हळूच डावीकडे, उजवीकडे, नाक खाली-वर करा. प्रत्येक बाजूला आवाज वेगळा झाला, रेस वर-खाली झाली, तर गळती किंवा पेट्रोलपुरवठ्यात दोष आहे. चालू इंजिनवर पेट्रोल किंवा स्प्रे मारून गळती शोधण्याची पद्धत बरेच जण वापरतात, पण तापलेल्या सायलेन्सरजवळ ती आगीला आमंत्रण आहे. चांगला फिटर सिलिंडर बंद करून पंपाने थोडी हवा भरतो आणि साबणाच्या पाण्याचे बुडबुडे बघतो. मग हवा ओढून सीलही तपासतो, कारण काही सील दाबाला टिकतात पण ओढीला गळतात. दुरुस्तीला देताना 'प्रेशर आणि व्हॅक्यूम दोन्ही बघा' असं सांगा.

कार्बोरेटरचा पडदा

चेनसॉ आडवी-उभी कशीही धरली तरी चालते, कारण तिच्या कार्बोरेटरमध्ये मोटारसायकलसारखा फ्लोट नसतो, पातळ पडदा म्हणजे डायफ्रॅम असतो. हा पडदा मऊ हवा. दोन-चार वर्षं पडून राहिलेल्या मशीनमध्ये तो पापडासारखा कडक होतो, पेट्रोल पुरेसं सोडत नाही आणि रेस वाढते. कार्बोरेटरच्या नंबरप्रमाणे डायफ्रॅम आणि पॅकिंगचं किट मिळतं. नवा कार्बोरेटर घेण्याआधी किट टाकून बघा.

आता स्क्रूकडे

गळती नाही, पेट्रोल ताजं, फिल्टर साफ, हे झाल्यावरच सेटिंग करा. बहुतेक मशीनवर तीन स्क्रू असतात. 'एल' हळू वेगाच्या पेट्रोलचा, 'एच' पूर्ण वेगाच्या पेट्रोलचा आणि 'एलए' किंवा 'टी' मोकळ्या वेगाचा.

एल आणि एच बाहेर फिरवले, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने, की पेट्रोल वाढतं. आत फिरवले की कमी होतं. पुस्तिका हरवली असेल तर दोन्ही हलक्या हाताने तळाला टेकवा आणि एक-एक फेरा बाहेर घ्या. जोरात पिळले तर सुईचं टोक बसतं आणि कार्बोरेटर कायमचा बिघडतो.

मशीन पाच मिनिटं गरम करा. एल असा ठेवा की ट्रिगर दाबताच इंजिन न अडखळता उठेल. नंतर एलए बाहेर घेत चेन पूर्ण थांबू द्या. शेवटी एच. पूर्ण रेसला आवाज शिट्टीसारखा टोकदार असेल तर एच थोडा बाहेर घ्या. मोकळ्या रेसला किंचित घरघर ऐकू यावी आणि लाकडात घातल्यावर आवाज साफ व्हावा, हे योग्य. ही तपासणी दोन-तीन सेकंदांचीच करा, रिकामी मशीन रेसवर धरून ठेवू नका.

एच बाहेर घेऊनही आवाज बदलत नसेल तर थांबा. गळती अजून आहे, स्क्रूने ती झाकली जाणार नाही. थंडीत हवा दाट असते, म्हणून उन्हाळ्यात बसवलेली मशीन डिसेंबरच्या सकाळी थोडी जास्त पळते. तेव्हा एच थोडा बाहेर घ्यावा लागू शकतो.

प्लगही खूण सांगतो. टोक तपकिरी, चहाच्या रंगाचं असेल तर ठीक. पांढरंफट्ट असेल तर पेट्रोल कमी पडतंय. काळं-ओलं असेल तर जास्त जातंय.

चेन फिरते, पण रेस नाही

इंजिन शांत असून चेन फिरत असेल तर क्लचच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या आहेत किंवा तुटल्या आहेत. इथे मोकळा वेग कमी करत बसलं की मशीन बंद पडू लागते आणि दोष तसाच राहतो. स्प्रिंगा जोडीने बदला.

फिटरकडे कधी न्यायची?

सिलिंडर उघडायचं काम असेल, सील बदलायचे असतील किंवा दोरी ओढताना आत घासल्यासारखं वाटत असेल तर घरी हात घालू नका. सायलेन्सर काढून आत पिस्टनवर उभ्या रेघा दिसल्या तर तो घासला आहे. अशा वेळी नुसता पिस्टन बदलून उपयोग नाही, मूळ गळती शोधून मगच नवा टाका. नाही तर नवा पिस्टनही पहिल्याच्या वाटेने जातो.

आणि एक नियम सगळ्यांनी पाळावा. ट्रिगर सोडल्यावर ज्या मशीनची चेन थांबत नाही, ती मशीन त्या दिवशी लाकडाला लावायची नाही. कुकरचं जळण एक दिवस उशिरा आलं तरी चालतं. मशीन चालवणारा माणूस धडधाकट राहिला पाहिजे.