पेणच्या मतपेटीपासून जैतापूरपर्यंत

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने नवा अणुकायदा मंजूर करून 2010 चा अणुदायित्व कायदा रद्द केला. अपघात झाल्यास अणुभट्टी पुरवणाऱ्या कंपनीकडूनही भरपाई वसूल करण्याची वाट त्या कायद्यात होती. ती आता जवळजवळ बंद झाली. ज्या कोकणात, जैतापूरला, सहा फ्रेंच अणुभट्ट्या यायच्या आहेत, त्या कोकणाला हे झोंबायला हवे.

कारण याच कोकणाने एकेकाळी सरकारला मतपेटी आणायला लावली होती. 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यात, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत रिलायन्सच्या महामुंबई सेझवर (विशेष आर्थिक क्षेत्रावर) मतदान झाले. जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न. एन. डी. पाटलांच्या शेतकरी कामगार पक्षाने (शेकाप) गावे पिंजून काढली होती. बहुसंख्यांनी नकार दिला. सेझ पुढे बारगळलाच.

शेजारच्या रोहा तालुक्याला धोका पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. नोव्हेंबर 1990 मध्ये नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात वायूचा स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे गेली. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतला उग्र दर्प आणि कुंडलिका नदीचे दूषित पाणी तर रोजचेच.

मग 11 मार्च 2011 ला फुकुशिमा घडले. जैतापूर प्रकल्पासाठी जमीन गेलेल्या माडबनच्या लोकांनी भरपाईचे धनादेश आधीच नाकारले होते. आता त्यांच्या धास्तीला जपानचा पुरावा मिळाला. 18 एप्रिलला प्रकल्पाजवळच्या साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार ठार झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनीच आदल्या वर्षी केंद्रात मंत्री असताना अणुदायित्व विधेयक मांडले होते. मंत्री नारायण राणे प्रकल्पाच्या बाजूने, शिवसेना विरोधात. गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी सेनेने रत्नागिरी बंद केली.

2014 च्या लोकसभा निवडणुकीत मोदी लाट होती हे खरे, पण कोकणातल्या या रागाचाही सेनेला लाभ झाला. सेनेच्या विनायक राऊतांनी नारायण राणेंचे पुत्र नीलेश यांना हरवले. रायगडात सेनेचेच अनंत गीते 2,110 मतांनी सुनील तटकरेंच्या पुढे राहिले.

पुढे काय झाले? मार्च 2018 मध्ये जैतापूरसाठी फ्रान्सशी नवा करार झाला, तेव्हा पेण-रोह्याचे खासदार गीते केंद्रात मंत्री होते. 2019 मध्ये नाणारहून हटवलेली रिफायनरी रोहा, मुरूड, अलिबाग, श्रीवर्धनच्या 40 गावांवर आणण्याची घोषणा झाली. 2022 मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी पंतप्रधानांना पत्र लिहून त्याच रिफायनरीसाठी बारसूची जागा सुचवली. पेणचे शेकापचे माजी आमदार धैर्यशील पाटील 2024 मध्ये भाजपचे राज्यसभा सदस्य झाले.

लोकांची भीती खरी होती. पक्षांनी तिच्यावर मते घेतली आणि तिला वाऱ्यावर सोडले. नवा कायदा कोकणातल्या कोणत्या खासदाराने कशासाठी मान्य केला, हे मतदारांनी पुढच्या सभेत उभे राहून विचारावे.