मातृप्रतिपिंडे व गर्भाक्षेपकपूर्व अवस्था

मातेच्या रक्तातून वारेमार्गे गर्भाच्या रक्तात जाणाऱ्या प्रतिपिंडांना (शरीरात शिरलेला परका पदार्थ ओळखून त्याच्याशी बद्ध होणाऱ्या प्रथिनांना) मातृप्रतिपिंडे म्हणतात. नवजात अर्भकाची स्वतःची प्रतिपिंडनिर्मिती अपुरी असते. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ते बव्हंशी मातेच्या या ठेवीवर जगते. मात्र ठेवीबरोबर मातेच्या रक्तातील अपायकारक प्रतिपिंडेही त्याच वाटेने गर्भाकडे जाऊ शकतात. गर्भाक्षेपकपूर्व अवस्थेत (प्री-एक्लॅम्प्सिया या गर्भारपणातील विकारात) या दोन्ही गोष्टींचा संबंध येतो.

मातेकडून अपत्याला प्रतिकारक्षमता मिळते, हे जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८९२ साली उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. त्यासाठी त्यांनी एरंडाच्या व गुंजेच्या बियांतील विषे वापरली. आपल्याकडे सोनाराच्या तराजूत वजन म्हणून पडणारी तीच ही गुंज. विषाची सवय केलेल्या मादीची पिले त्या विषाला दाद देत नाहीत. नराला सवय केली असता मात्र पिलांना काहीच लाभ होत नाही, असे त्यांना आढळले. पिलांची अदलाबदल करून त्यांना दुसऱ्या मादीचे दूध पाजले असता दुधातूनही संरक्षण मिळते, असे दिसून आले. याबाबतीत प्राण्याप्राण्यांत फरक आहे. गाईच्या वारेतून प्रतिपिंडे जात नाहीत, म्हणून वासराला जन्मल्यावर लगेच चीक पाजणे अत्यावश्यक असते. मानवात रक्तातील प्रतिपिंडांचा वाटा जन्मापूर्वीच मिळतो.

वारेतील वहन : प्रतिपिंडांच्या अनेक वर्गांपैकी केवळ इम्युनोग्लोब्युलीन-जी हा वर्ग मानवी वार ओलांडतो. वारेच्या पृष्ठभागावरील कोशिकांत त्यासाठी खास ग्राही (विशिष्ट रेणूला पकडणारे प्रथिन) असतो. तो प्रतिपिंडाला धरून कोशिकेच्या आरपार नेतो व गर्भाच्या बाजूस सोडतो. हे वहन गर्भारपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते, पण प्रारंभी ते अगदी मंद असते. सतराव्या ते बाविसाव्या आठवड्यांत गर्भाच्या रक्तातील प्रमाण मातेच्या ५ ते १० टक्के इतकेच असते. अठ्ठाविसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्यांत ते सुमारे निम्म्यावर येते आणि पूर्ण दिवसांच्या अर्भकात मातेपेक्षाही अधिक होते. म्हणजे या संपत्तीचा मोठा भाग अखेरच्या काही आठवड्यांतच पोहोचतो. गर्भवतीस धनुर्वाताची लस देण्याचे तत्त्व याच वहनावर आधारलेले आहे. भारतात माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ साली मान्य करण्यात आले. सुरक्षित प्रसूतीबरोबरच या लसीचाही त्यात मोठा वाटा आहे.

ग्राही प्रतिपिंडाचा वर्ग पाहतो, त्याचे लक्ष्य पाहत नाही. त्यामुळे ऱ्हीसस घटकाविरुद्ध मातेत निर्माण झालेली प्रतिपिंडे गर्भात शिरून त्याच्या तांबड्या कोशिका नष्ट करतात. काही स्वप्रतिरक्षा विकारांत (शरीर स्वतःच्याच ऊतकांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते अशा विकारांत) मातेची प्रतिपिंडे गर्भाच्या हृदयातील संवेदवहन कायमचे बंद पाडू शकतात.

गर्भाक्षेपकपूर्व अवस्था : गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे आणि त्याबरोबर मूत्रातून प्रथिन जाणे अथवा यकृत, वृक्क, मेंदू इ. इंद्रियांच्या कार्यात बिघाड होणे, ही या विकाराची लक्षणे होत. शंभरात सुमारे २ ते ८ गर्भवतींना तो होतो. पुढे झटके येऊ लागल्यास त्या अवस्थेला गर्भाक्षेपक म्हणतात आणि त्यात माता व मूल दोघांच्याही जिवास धोका असतो. विकाराचे मूळ वारेत असते. प्राकृत गर्भारपणात वारेच्या कोशिका गर्भाशयाच्या नागमोडी रोहिण्यांत खोलवर शिरून त्यांना रुंद करतात. या विकारात, विशेषतः तो लवकर उद्भवल्यास, ते काम अर्धवट राहते व वारेला रक्त कमी पडते. अशी वार रक्तवाहिन्यांच्या अस्तराला अपाय करणारी प्रथिने मातेच्या रक्तात सोडते. त्यांपैकी एका महत्त्वाच्या प्रथिनाचे कार्य २००३ साली उघड झाले.

प्रतिपिंडांचा संबंध कळला तो वेगळ्या वाटेने. अँजिओटेन्सीन हे रक्तवाहिन्या आकुंचित करणारे संप्रेरक आहे. प्राकृत गर्भवती त्याला फारशी प्रतिसाद देत नाही. ज्यांना पुढे रक्तदाबाचा विकार होणार आहे, अशा पहिलटकरणींतील हा सोशिकपणा लक्षणे दिसण्याच्या कित्येक आठवडे आधीच नाहीसा होतो, असे डॅलस येथील संशोधकांनी १९७३ साली दाखविले होते. १९९९ साली गेर्ड वालुकाट व त्यांच्या बर्लिनमधील सहकाऱ्यांनी त्यामागील एक संभाव्य कारण पुढे मांडले. त्यांनी नवजात उंदरांच्या हृदयस्नायूंच्या कोशिका काचपात्रात वाढविल्या व त्यांवर रुग्ण स्त्रियांच्या रक्तातील प्रतिपिंडे टाकली, तेव्हा त्या कोशिकांच्या स्पंदनांची गती वाढली. ही प्रतिपिंडे अँजिओटेन्सिनाच्या ग्राहीवर बसतात, पण त्याला बंद न करता चालू करतात. कुलपात बसणारी ही दुसरी किल्लीच होय. संप्रेरक काही काळाने विघटित होते. प्रतिपिंड मात्र रक्तात आठवडेच्या आठवडे टिकते.

ही प्रतिपिंडे विकाराचे कारण की परिणाम, हा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. २००८ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे रुग्ण स्त्रियांची प्रतिपिंडे गाभण उंदरांना टोचली असता त्यांचा रक्तदाब वाढला, मूत्रातून प्रथिन जाऊ लागले, वृक्कांत वैशिष्ट्यपूर्ण विकृती झाली आणि गर्भ खुरटले. ग्राही अडविणारे लोसार्टन हे औषध किंवा प्रतिपिंडाला गुंतवून ठेवणारी सात ॲमिनो अम्लांची साखळी दिल्यावर हे परिणाम टळले. उलट बाजूने, उंदरांच्या वारेचा रक्तपुरवठा मुद्दाम कमी केला असताही अशी प्रतिपिंडे निर्माण होतात. तेव्हा कारण व परिणाम यांचे येथे चक्र असावे, असे मानणे सयुक्तिक ठरते. पुढील पाहण्यांत ही प्रतिपिंडे सर्वच रुग्ण स्त्रियांत आढळली नाहीत. त्यामुळे केवळ त्यांवरून निदान करता येत नाही. उपचारातही अडचण आहे. लोसार्टन व त्याच्या वर्गातील औषधे गर्भाच्या वृक्कांना घातक असल्याने गर्भवतीस देता येत नाहीत. उंदराला तारणारे औषध माणसाच्या गर्भाला मारक ठरावे, असा हा पेच आहे.

नवजातावरील परिणाम : ही प्रतिपिंडेही इम्युनोग्लोब्युलीन-जी वर्गातील असल्याने वार ओलांडतात व नाळेच्या रक्तात सापडतात. अर्भक ती नव्याने तयार करीत नाही, त्यामुळे काही आठवड्यांत ती ओसरतात. तथापि अशा मातांची मुले अनेकदा कमी वजनाची असतात आणि त्याला मुख्यत्वे वारेचा अपुरा रक्तपुरवठा कारणीभूत असतो. काहींच्या रक्तात बिंबाणू व जंतुभक्षक श्वेत कोशिका जन्मतः कमी असतात. बहुधा हा दोष काही दिवसांत आपोआप भरून निघतो.

याहून मोठी हानी उपचारातूनच होते. या विकारावर खात्रीचा इलाज एकच, तो म्हणजे प्रसूती. विकार तीव्र असल्यास मातेचा जीव वाचविण्यासाठी ती मुदतीपूर्वी, प्रसंगी तिसाव्या आठवड्याच्या आतही करावी लागते. नेमके प्रतिपिंडांचे मोठे वहन व्हावयाचे असते तेव्हाच वार वेगळी होते. अर्भक अशक्त असते, त्याची फुप्फुसे अपक्व असतात आणि मातेकडून आलेली शिदोरीही अर्धीच असते. म्हणून प्रसूतिवैद्याला एकेका आठवड्याचा हिशेब करावा लागतो. झटके टाळण्यासाठी मातेस मॅग्नेशियम सल्फेट देतात. १०,००० हून अधिक स्त्रियांवरील एका आंतरराष्ट्रीय चाचणीत (२००२) त्यामुळे झटक्यांचा धोका निम्म्याहूनही कमी होतो, असे सिद्ध झाले. गर्भाची फुप्फुसे लवकर पक्व व्हावीत म्हणून प्रसूतीपूर्वी मातेला स्टेरॉइड औषध टोचतात. त्याचा उपयोग न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ साली दाखविला. ज्यांना धोका अधिक आहे, त्यांना सोळाव्या आठवड्यापूर्वी अल्प मात्रेत ॲस्पिरीन सुरू केल्यास मुदतीपूर्वी उद्भवणारा विकार पुष्कळांत टळतो. मात्र ते वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे असते.

मातृप्रतिपिंडांचे प्रमाण सुमारे तीन आठवड्यांत निम्मे होते. पूर्ण दिवसांच्या मुलात ती गोवरासारख्या रोगापासून काही महिने रक्षण करतात आणि लसीचा परिणामही तेवढा काळ कमी करतात. भारतात गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देण्याचे हे एक कारण आहे. अपुऱ्या दिवसांच्या मुलात ही ठेव लवकर संपते. अशा मुलाच्या लसी ‘अजून लहान आहे’ म्हणून लांबविण्याची चूक घरोघर होते. वस्तुतः त्या जन्मतारखेपासून मोजलेल्या वयानुसारच द्यावयाच्या असतात. चिकातील व दुधातील इम्युनोग्लोब्युलीन-ए मानवी अर्भकाच्या रक्तात फारसे शिरत नाही. ते आतड्याच्या अस्तरावर राहून जंतूंना अडविते, आणि मुदतीपूर्वी प्रसूत झालेल्या मातेच्या सुरुवातीच्या दुधात त्याचे प्रमाण भरपूर असते.