रोपाला पावसाची वाट बघायला शिकवणारे जिवाणू



‘जिवाणू’ हा शब्द वर्गात उच्चारला की मुलं लगेच आजारांची नावं सांगू लागतात. कॉलरा, टायफॉईड, क्षय. चूक काहीच नाही, पण ही झाली एकच बाजू. दह्यातले जिवाणू आणि डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतलं रायझोबियम आपण शिकवतोच. त्याच्या पुढचा आणि आपल्याकडच्या शेतीशी थेट जोडलेला भाग म्हणजे पाण्याच्या ताणात कोवळ्या रोपाला तगवणारे जिवाणू.

प्रश्न नेमका कुठे आहे?

जूनमध्ये पाऊस पडतो, पेरणी होते, कोंब वर येतात आणि मग पाऊस दडी मारतो. मोठ्या झाडाची मुळं खोल असतात, ते वाट बघू शकतं. आठ-दहा दिवसांच्या रोपाची मुळं मात्र मातीच्या वरच्या थरातच असतात आणि हाच थर सगळ्यात आधी सुकतो. रोपं करपली की दुबार पेरणी. म्हणजे बियाण्याचा, मजुरीचा खर्च पुन्हा आणि हंगामही मागे पडतो. हे रोप आणखी थोडे दिवस तग धरेल का, यावर अनेक घरांचं वर्षाचं गणित अवलंबून असतं.

मुळाभोवतीची वस्ती

रोप पानांत साखर बनवतं आणि तिचा काही भाग मुळांवाटे चक्क मातीत सोडतं. वाया घालवतं का? नाही. त्या साखरेवर मुळाभोवती जिवाणूंची दाट वस्ती वाढते. मुळाला लागून असलेल्या या मातीला 1904 मध्ये लॉरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने ‘ऱ्हायझोस्फिअर’ हे नाव दिलं. या वस्तीतले काही जिवाणू साखरेच्या बदल्यात रोपाला मदत करतात. ती कशी, ते दोन उदाहरणांतून बघू.

मदत पहिली : धोक्याची घंटा हळू करणं

आंब्याची अढी आठवा. पेंढ्यात झाकलेले आंबे पिकतात ते इथिलीन वायूमुळे. हाच वायू ताणात सापडलेलं रोपही तयार करतं. तो रोपाच्या शरीरातला संदेश आहे, जणू धोक्याची घंटाच. पण ती जास्त वाजली तर उलटंच होतं. मुळांची वाढ खुंटते, आणि तीही नेमकी पाणी शोधण्यासाठी मुळं लांब हवी असतात तेव्हा!

इथिलीन ज्या कच्च्या मालापासून बनतं, त्याचं नाव ‘एसीसी’. काही जिवाणूंकडे एसीसी तोडणारं विकर असतं. त्यातून त्यांना स्वतःसाठी नत्र मिळतं आणि रोपात इथिलीन कमी तयार होतं. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातले बर्नार्ड ग्लिक यांनी या यंत्रणेवर बरंच काम केलं आहे. इस्रायलच्या दक्षिणेतल्या रखरखीत अरावा भागातून मिळवलेला असा एक जिवाणू त्यांनी सहकाऱ्यांसोबत टोमॅटो आणि मिरचीच्या रोपांवर वापरून पाहिला. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मुलांना जरूर सांगा. पाणी बंद असताना या रोपांत पाण्याचं प्रमाण काही जास्त नव्हतं. पण पाणी पुन्हा सुरू केल्यावर ती जास्त चांगली सावरली.

मदत दुसरी : ओल धरून ठेवणं

सब्जाचं बी पाण्यात टाकलं की त्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होतं आणि ते पाणी धरून ठेवतं. काही जिवाणूही असाच चिकट पदार्थ सोडतात. त्याने मातीचे कण एकमेकांना आणि मुळांना चिकटून राहतात, ओल टिकते. कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या हैदराबादच्या केंद्रीय संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ‘स्युडोमोनास पुटिडा’ या जिवाणूचा असा एक वाण सूर्यफुलाच्या रोपांवर वापरला. 2009 मध्ये त्यांनी मांडलं की पाण्याच्या ताणातही जिवाणू दिलेली रोपं जास्त जगली आणि त्यांच्या मुळांना जास्त माती चिकटून राहिली.

मग दुष्काळावर औषध सापडलं का?

नाही, आणि हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं. जिवाणू पाणी तयार करत नाहीत. ते फक्त मुदत वाढवून देतात. पाऊस आलाच नाही तर रोप मरणारच. शिवाय कुंडीत चालणारा जिवाणू शेतात चालेलच असं नाही. तिथे आधीपासून असलेल्या असंख्य सूक्ष्मजीवांत त्याला जागा मिळवावी लागते.

शेतकरी पालकांसाठी दोन गोष्टी. बीजप्रक्रियेसाठी मिळणारं रायझोबियम हे नत्रासाठी असतं. ते लावलं म्हणजे पीक पाण्याचा ताण सोसेल असं समजू नये. आणि पाकिटात जिवंत जीव असतात. म्हणून ते उन्हात ठेवू नका, वापरायची अंतिम तारीख बघा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू संवर्धक सगळ्यात शेवटी. नेहमीचं प्रमाण 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. बियाणं सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.

वर्गात करून बघा

1. बाजरी किंवा ज्वारीचं रोप हलक्या हाताने उपटून झटका. मुळाला चिकटून राहिलेली माती मुलांना भिंगातून बघू द्या.
2. 20 कपांत मूग पेरा. रोपं आली की 10 कपांचं पाणी बंद करा. पहिलं पान कधी मलूल होतं ते रोज वहीत लिहायला सांगा. मग पाणी देऊन किती रोपं सावरतात ते मोजा.
3. मुलांना विचारा : एकेकच कप का नाही घेतला? दहा-दहा का?

तिसऱ्या प्रश्नावर घाई करू नका, मुलांना वाद घालू द्या. एक रोप मेलं तर ते तहानेनेच मेलं, की बीच कमजोर होतं? एका रोपावरून हे ठरवता येत नाही, हे मुलांना स्वतःला उमगलं तर पाकिटावरचा कुठलाही दावा ती पुढे तपासूनच घेतील.