खापर, खड्ग आणि सत्ता : इवान बोर्कोव्स्की यांचे स्लाव्ह पुरातत्त्व

स्लाव्ह भाषांतील लेखनाचा आरंभ सिरिल आणि मेथोडियस या बंधूंच्या 863 मधील मोराव्हिया-मोहिमेशी जोडला जातो. त्यापूर्वीच्या सुमारे तीन शतकांतील स्लाव्ह समाजाविषयी जे लिहिले गेले ते परक्यांनी. सहाव्या शतकातील प्रोकोपियस आणि जॉर्डानेस यांच्या ग्रंथांत या लोकांचे उल्लेख येतात. पण ते साम्राज्याच्या सीमेवरून पाहणाऱ्याचे उल्लेख आहेत. या काळातील स्लाव्हांचे स्वतःविषयीचे निवेदन उपलब्ध नाही. त्यामुळे साहित्याच्या इतिहासकाराला जिथे थांबावे लागते तिथे पुरातत्त्वज्ञाचे काम सुरू होते. तथापि खापर आणि हाड स्वतः बोलत नाहीत. त्यांचे वाचन करावे लागते, आणि त्या वाचनावर सत्तेचा दाब येऊ शकतो. इवान बोर्कोव्स्की (1897-1976) यांची कारकीर्द हा प्रश्न समजून घेण्यासाठी विशेष उपयुक्त ठरते.

बोर्कोव्स्की यांचा जन्म गॅलिशियातील चोर्तोवेत्स या खेड्यात झाला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रो-हंगेरियन साम्राज्यात होता. आज तो युक्रेनमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या संघर्षात सैनिक म्हणून वावरलेला हा तरुण 1920 मध्ये नव्याने स्थापन झालेल्या झेकोस्लोव्हाकियात निर्वासित म्हणून आला. प्रागमध्ये त्याने पुरातत्त्वाचे शिक्षण घेतले. स्लाव्ह प्राचीनतेचा अभ्यास तेथे केवळ विद्येचा विषय नव्हता. आपला भूतकाळ किती खोल आहे हे नव्या राष्ट्राला जाणून घ्यायचे होते. लुबोर नीडर्ले यांच्या बहुखंडी ग्रंथाने या अभ्यासाची बैठक घातली होती, आणि 1925 पासून प्राग किल्ल्यावर पद्धतशीर उत्खनन सुरू झाले होते.

याच उत्खननात 1928 मध्ये बोर्कोव्स्की यांना किल्ल्याच्या प्रांगणाखाली एका पुरुषाचे दफन सापडले. सांगाड्यासोबत तलवार, कुऱ्हाड, सुऱ्या, वस्तरा, चकमकीचे पोलाद आणि बादली अशा वस्तू होत्या. किल्ल्यावर उजेडात आलेल्या सुमारे 1,500 प्रारंभिक मध्ययुगीन दफनांपैकी तलवार केवळ याच एका दफनात मिळाली आहे. हा पुरुष स्लाव्ह होता की उत्तरेकडून आलेला योद्धा? बोर्कोव्स्की यांनी या दफनाचा अहवाल दीर्घकाळ प्रसिद्ध केला नाही. पुढे हे मौनच त्यांच्याविरुद्ध वापरले गेले.

दरम्यान त्यांचे लक्ष तलवारीपेक्षा फार साध्या वस्तूकडे वळले होते. ती वस्तू म्हणजे चाकाच्या साहाय्याशिवाय हाताने घडवलेले, नक्षी नसलेले, उंच आणि खांद्याशी रुंद असे मडके. अशी मडकी बोहेमियातील निरनिराळ्या स्थळी मिळत होती. पण स्वतंत्र गट म्हणून त्यांची ओळख पटलेली नव्हती. मध्य युरोपातील प्राचीन स्लाव्ह मृद्भांड्यांवरील 1940 च्या ग्रंथात बोर्कोव्स्की यांनी या भांड्यांना ‘प्राग प्रकार’ असे नाव दिले आणि ती या प्रदेशातील सर्वांत जुनी स्लाव्ह भांडी होत, असे प्रतिपादन केले. पुढील संशोधनाने या भांड्यांच्या जोडीला वस्तीचे चित्रही स्पष्ट केले : जमिनीत अर्धवट खोदलेली चौकोनी घरे, कोपऱ्यात दगडी भट्टी, आणि मृतांचे दहन करून अस्थी पुरण्याची रीत.

येथे नामकरणाची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. प्रकाराचे नाव वंशावरून नव्हे, स्थळावरून दिले गेले. मराठी वाचकांना हा संकेत जोर्वे संस्कृतीच्या नावावरून परिचित आहे. स्थळाचे नाव निष्कर्ष उघडा ठेवते, तर लोकसमूहाचे नाव तो आधीच गृहीत धरते. बोर्कोव्स्की यांच्या ग्रंथात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात : नावात सावधपणा, आणि प्रतिपादनात ‘स्लाव्ह’ हा ठाम दावा.

हा दावा करण्याची वेळ मात्र धोक्याची होती. मार्च 1939 मध्ये बोहेमिया आणि मोराव्हिया जर्मनीच्या ताब्यात गेले होते. ही भूमी मूळची जर्मॅनिक असल्याचे दाखवणे ही नाझी राजवटीची गरज होती. अशा वेळी प्रागच्या मातीतील स्लाव्ह प्राचीनतेचा पुरावा मांडणारा ग्रंथ तिला सहन होण्यासारखा नव्हता. छळछावणीची धमकी मिळाल्यावर बोर्कोव्स्की यांना ग्रंथ मागे घ्यावा लागला. जर्मॅनिक दफन जाणूनबुजून दडवल्याचा आरोपही त्यांच्यावर होता. त्यानंतर किल्ल्यावरील त्या दफनाविषयी जे प्रसिद्ध झाले त्यात मृत योद्धा नॉर्डिक ठरवण्यात आला होता.

युद्ध संपल्यावर दाबाची दिशा बदलली, दाब संपला नाही. सोव्हिएत सत्तेच्या दृष्टीने बोर्कोव्स्की हे बोल्शेविकविरोधी भूतकाळ असलेले युक्रेनी निर्वासित होते. सोव्हिएत श्रमछावणीत रवानगी होण्याच्या संकटातून ते थोडक्यात बचावले. 1946 मध्ये त्यांनी त्याच दफनाविषयी पुन्हा लिहिले. आता तो योद्धा आरंभीच्या प्शेमिस्ल राजघराण्याशी संबंधित महत्त्वाचा पुरुष ठरला. हाडे तीच होती, तलवारही तीच; बदलली होती ती राजवट. पहिले वाचन भीतीपोटी झाले म्हणून दुसरे आपोआप निर्भय ठरत नाही. किंबहुना या दोन लेखांमधील अंतर हाच त्या काळाचा एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

पुढील तीन दशके बोर्कोव्स्की प्रागमध्येच राहिले आणि त्यांचे सर्वांत विस्तृत काम याच काळात झाले. लेव्ही ह्रादेत्स (1965), प्शेमिस्ल काळातील प्राग किल्ला (1969) आणि संत जॉर्जची बॅसिलिका व मठ (1975) यांवरील ग्रंथ ही त्याची फलिते होत. तुलनाकारांना यांपैकी लेव्ही ह्रादेत्स विशेष उद्बोधक वाटेल. क्रिस्टियान याच्या लॅटिन संतकथेनुसार ड्यूक बोर्झिव्होय याने बोहेमियातील पहिले ख्रिस्ती मंदिर येथे बांधले आणि दुसरे, कुमारी मेरीचे, प्राग किल्ल्यावर. लेव्ही ह्रादेत्स येथील संत क्लेमेंटच्या चर्चखाली बोर्कोव्स्की यांना एका वर्तुळाकार वास्तूचा पाया मिळाला. किल्ल्यावर कुमारी मेरीच्या मंदिराचे अवशेषही त्यांनीच उजेडात आणले. लेव्ही ह्रादेत्सचा पाया ड्यूक बोर्झिव्होयच्याच मंदिराचा होता, हे यामुळे निर्विवाद सिद्ध होत नाही; तथापि संतकथेतील स्थळे कल्पित नव्हती, एवढे निश्चित होते. संहिता आणि माती येथे परस्परांना दुरुस्त करतात, एक दुसरीची दासी होत नाही.

बोर्कोव्स्की यांच्या दोन्ही शोधांचे पुनर्वाचन त्यांच्या मृत्यूनंतरही चालू राहिले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या योद्ध्याच्या दातांतील समस्थानिके तो स्थानिक नसल्याचे सुचवतात. त्याचे बालपण उत्तर युरोपात, बहुधा बाल्टिकच्या दक्षिण किनाऱ्यावर किंवा डेन्मार्कच्या परिसरात गेले असावे. वस्तराही व्हायकिंग धाटणीचा आहे आणि चकमकीचे पोलादही. बादली मात्र बोहेमियातील स्लाव्ह दफनांत आढळते तशी. जन्मस्थान कळले तरी हा पुरुष स्वतःला कोण मानत होता हे त्यावरून कळत नाही. ‘जर्मॅनिक’ आणि ‘स्लाव्ह’ ही विसाव्या शतकाची विभागणी त्याच्या दफनाला लागू पडत नाही.

प्राग प्रकाराबाबतही असेच घडले. फ्लोरिन कुर्टा यांनी 2001 मध्ये मडके आणि लोकसमूह यांचे समीकरणच प्रश्नांकित केले. पुढे 2017 मध्ये दक्षिण मोराव्हियातील ब्रेत्स्लावजवळच्या लानी येथे, याच प्रकारच्या मृद्भांड्यांच्या सहवासात, गुरांची एक बरगडी मिळाली. सुमारे 600 च्या काळातील या हाडावर जर्मॅनिक रून लिपीची अक्षरे कोरलेली आहेत. ती स्लाव्हाने कोरली की जर्मॅनिक भाषकाने, हे सांगता येत नाही. परंतु प्रारंभिक स्लाव्ह वस्ती लेखनापासून पूर्णतः अलिप्त होती, हे गृहीतक आता टिकत नाही.

बोर्कोव्स्की यांनी आयुष्यात दोनदा एकाच सांगाड्याचे दोन अर्थ प्रसिद्ध केले, आणि दोन्ही पुढे अपुरे ठरले. त्यांची ‘प्राग प्रकार’ ही संज्ञा मात्र वादग्रस्त होऊनही अभ्यासकांच्या वापरात आहे. तलवारीवर प्रत्येक सत्तेने हक्क सांगितला. खापरावरही ग्रंथ मागे घेण्याइतका राग निघाला; पण ते शेकडो वस्त्यांत पुन्हा पुन्हा सापडत राहिले, आणि म्हणूनच त्याचे वाचन पुन्हा तपासता आले. एकमेव, भव्य पुराव्यापेक्षा सामान्य आणि विपुल पुरावा सत्तेच्या दाबाला अधिक काळ पुरून उरतो. संहितांचा अभ्यास करणाऱ्यांनीही ध्यानी घ्यावा असा हा निष्कर्ष आहे.