सावकाराला उत्तर, बिल्डरला विरोध

वसईच्या ख्रिस्ती समाजाने पैशाच्या अडचणीला दिलेले उत्तर प्रार्थनेपुरते राहिले नाही. १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने सहकारी पतसंस्था निघाली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक, मुख्यालय पापडी. काळही अनुकूल होता. सहकारी संस्थांचा कायदा १९१२ मध्ये आला होता, आणि श्रमिकांच्या हक्कांवरचे पोप तेरावे लिओ यांचे परिपत्रक तर १८९१ चे.

घराचा प्रश्न मात्र नुसत्या कर्जाने सुटत नाही. गृहकर्जाला मिळकतीचा पुरावा लागतो. चाळीत भाड्याने राहणाऱ्या रोजंदारी कामगाराने तो आणायचा कुठून?

बागायती जमिनीच्या बाजूने लढले ते ‘सुवार्ता’ मासिकाचे तत्कालीन संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो. हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली त्यांनी बिल्डर, पाणी विकणारे टँकरवाले आणि गुंडगिरी यांच्याविरुद्ध लोक उभे केले. त्यात ख्रिस्तीच नव्हे, इतर समाजही होते. तरीही २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. बागायती वाचवण्यासाठी जेवढी ताकद लागली, तेवढी भाडेकरूंच्या परवडणाऱ्या घरासाठी अजून लागलेली नाही.