विद्यापीठाच्या ग्रंथसूचीत पुस्तक कसे शोधावे?

आपल्या संस्थेच्या विद्यार्थी साहाय्य निधीकडे दरवर्षी पुस्तकांसाठी अर्ज येतात. 'ग्रंथालयात पुस्तक मिळत नाही, सबब विकत घेण्यास मदत व्हावी' असे त्यांत पुष्कळदा लिहिलेले असते. गेल्या वर्षी असा अर्ज करणाऱ्या एका विद्यार्थिनीला आम्ही कार्यालयात बोलावले आणि तिच्यासमवेत संगणकावर तिच्या ग्रंथालयाची सूची उघडली. तिला धनंजयराव गाडगीळांचा भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावरील इंग्रजी ग्रंथ हवा होता. तो प्रथम १९२४ साली निघाला. तिने 'गाडगीळ' लिहिताना दोन 'ई' घातले होते. सूची म्हणाली, 'नोंद नाही.' त्या जागी एक 'आय' घालताच ग्रंथ दिसला. पुस्तक होते, शोध चुकला होता. हा लेख त्यासाठीच.

बडोदेकरांना ग्रंथालय नवे नाही. १९१० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन हे ग्रंथपाल आणवून राज्यात ग्रंथालयांची घडी बसविली. १९४९ साली विद्यापीठ झाले. त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता यांचेच नाव आज विद्यापीठाच्या ग्रंथालयास आहे. आपल्यापैकी अनेकांनी कार्डांचे खण चाळून पुस्तके काढली आहेत. तेव्हा स्पेलिंग थोडे चुकले तरी शेजारचे कार्ड नजरेस पडे आणि चूक उमगे. संगणक बहुधा दिलेली अक्षरेच जुळवून पाहतो. म्हणून विचारणाऱ्यानेच सावध असावे.

पहिली गोष्ट, अभ्यासक्रमातील पुस्तकाचे संपूर्ण नाव लिहू नये. लेखकाचे आडनाव आणि शीर्षकातील दोन ठळक शब्द पुरेत. आडनाव सापडेना तर केवळ शीर्षकाचे शब्द द्यावेत. आपल्या नावांत 'व' कोणी 'व्ही'ने लिहितो, कोणी 'डब्ल्यू'ने. दोन्ही करून पाहावे. मराठी पुस्तकांच्या नोंदी काही ठिकाणी रोमन लिपीत, तर काही ठिकाणी देवनागरीत असतात; तेथेही दोन्ही वाटा चोखाळाव्यात.

दुसरी, एक पुस्तक सापडले की त्याचा वर्गांक टिपून घ्यावा. ड्यूई यांच्या दशांश पद्धतीत ३३०.९५४ म्हणजे भारताची आर्थिक स्थिती, ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. त्याच अंकाने पुन्हा शोधल्यास त्या विषयाचे इतर ग्रंथही हाती लागतात. नेमलेले पुस्तक दुसऱ्याने नेले असेल, तर शेजारच्या पुस्तकावर काम भागते.

तिसरी, नोंद शेवटपर्यंत वाचावी. प्रत कपाटात आहे की बाहेर गेली आहे, परत केव्हा येणार, घरी नेता येते की तेथेच बसून वाचावयाची, आवृत्ती कोणती, हे सारे तेथे असते. बाहेर गेलेल्या प्रतीसाठी आपले नाव नोंदविण्याची सोयही अनेक ठिकाणी असते.

चौथी, सूचीत नसते ते सूचीत शोधू नये. नियतकालिकाचे नाव सूचीत सापडते. त्यातील एकेक लेख बहुधा सापडत नाही. प्राध्यापकांनी लेख सांगितला असेल तर नियतकालिकाचे नाव, वर्ष व अंक घेऊन जावे. प्रबंध हवा असल्यास गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे 'शोधगंगा' भांडार पाहावे. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध तेथे विनामूल्य वाचता येतात. आपल्या ग्रंथालयात नसलेला ग्रंथ दुसऱ्या कोणत्या विद्यापीठात आहे, हे त्याच केंद्राच्या 'इंडकॅट' या संयुक्त सूचीवरून कळू शकते.

इतके करूनही न सापडले, तर ग्रंथपालांस विचारण्यात संकोच कसला? अनोळखी दालनात जाऊन प्रश्न विचारावयाची भीती घरातील पहिल्याच पदवीधर मुलामुलींना अधिक वाटते, हे आम्ही पाहिले आहे. वडील मंडळींनी एकदा त्यांच्यासमवेत सूची उघडून बसावे. आपल्याला इंग्रजी येत नसले तरी हरकत नाही. 'दुसऱ्या तऱ्हेने लिहून पाहिलेस का?' एवढा प्रश्न पुरेसा आहे.

निधीचा पैसा सभासदांनी विश्वासाने दिलेला आहे. जे पुस्तक कपाटात आहे त्यावरील खर्च वाचला, तर खरोखरच पुस्तक न मिळणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्याची गरज भागते. त्या विद्यार्थिनीने आपला अर्ज स्वतः होऊन परत घेतला, आणि आता ती नव्या मुलांना सूची कशी पाहावी हे शिकविते. संस्थेला याहून मोठी परतफेड ती कोणती?