नळदुर्गचा हरवलेला किल्ला

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे नळदुर्ग मराठवाड्यातल्या बहुतेकांनी पाहिले आहे. पावसाळ्यात बोरी नदीचे धरण भरून वाहू लागले की नर-मादीचे धबधबे बघायला गर्दी उसळते. मुलांना घेऊन आम्हीही त्यासाठीच जात असू. पाणी पाहायचे, डबा खायचा, घरी यायचे. ज्या टेकडीवर आपण उभे आहोत तिथे कोण राहत होते, हा प्रश्न आम्हाला फार उशिरा पडला.

किल्ला उभा आहे तो काळ्या पाषाणाच्या उंचवट्यावर. नदी त्याला वळसा घालून जाते. आज दिसणारा दगडी तट येथला पहिला नव्हे. त्याआधी इथे मातीचा किल्ला होता असे सांगतात, आणि लोक त्याचे नाते नळराजाशी जोडतात. पुढे हे ठाणे बहमनींकडे आणि मग विजापूरच्या आदिलशहांकडे गेले. चाँदबीबीचे शौहर पहिले अली आदिलशहा (1558–1580) यांच्या काळात चिरेबंदी काम झाले आणि जुना किल्ला त्याखाली कायमचा गडप झाला. गडाला शाहदुर्ग हे नावही मिळाले होते. ते कागदावरच राहिले. लोकांच्या तोंडी नळदुर्गच टिकले.

अली आदिलशहा 1580 मध्ये मारले गेले. तख्तावर त्यांचा नऊ-दहा वर्षांचा पुतण्या, इब्राहीम. मूल गादीवर बसलेले पाहून अहमदनगर आणि गोवळकोंडा या दोन्ही शेजाऱ्यांच्या फौजांनी मिळून नळदुर्गला वेढा घातला. दोन्हीकडे कलमा पढणारेच होते. इतिहासाला ‘आपले’ आणि ‘परके’ अशी सोपी लेबले लावणाऱ्यांनी, त्यात आपले काही वडीलधारेही आलेच, हा वेढा जरूर वाचावा. गड पडला नाही.

तेच इब्राहीम मोठे होऊन ‘जगद्गुरू’ म्हणवले गेले. त्यांच्याच काळात, 1613 च्या सुमारास, धरण आणि त्याच्या पोटातला पाणी महाल बांधला गेला. काम करणाऱ्याचे नाव मीर इमादीन असे सांगतात. डोक्यावरून पाणी जात असताना आत कोरडे बसता येते. मुले तिथून निघायलाच तयार नसतात.

पण हे धरण नुसते पाणी अडवत नाही, पलीकडच्या टेकडीवर जायची वाटही तेच आहे. तिथे रणमंडळ हा जोडकिल्ला होता. समोरची उंच जागा शत्रूच्या तोफांना मिळाली तर मुख्य गड उघडा पडला असता, हे तिथे उभे राहिले की कळते. आज रणमंडळावर पडके तट आणि झुडपे. मुख्य गडातही उपळी बुरूज, त्यावरच्या तोफा आणि नऊ पाकळ्यांचा नवबुरूज राहिले. वाड्यांची मात्र जोतीच उरली.

1853 मध्ये हा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे गेला. त्यांचा अधिकारी मेडोज टेलर गडावरच राहत असे. तेव्हा जिल्हा नळदुर्गचा होता. पुढे कचेऱ्या धाराशिवला गेल्या आणि गडावरची वर्दळ थांबली.

पुढच्या वेळी गेलात तर सकाळी लवकर जा. उपळी बुरुजाच्या पायऱ्या आजी-आजोबांना जड जातील. त्यांना खालीच सावलीत बसवा. आणि धबधब्याकडे पळण्याआधी मुलांना समोरची रणमंडळाची टेकडी दाखवा.